पगार वाढवून मागताना ऑफर हातची जाऊ नये म्हणून

२०१४ साली अमेरिकेत घडलेल्या एका प्रसंगाची तेव्हा खूप चर्चा झाली होती. एका छोट्या महाविद्यालयाने तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी एका उमेदवाराला ऑफर दिली. तिने उत्तराच्या ईमेलमध्ये पाच गोष्टी विचारल्या. थोडा जास्त पगार, एका सत्राची बाळंतपणाची रजा, नोकरी कायम होण्याआधी एकदा अभ्यासरजा, पहिली तीन वर्षं दरवर्षी तीनपेक्षा जास्त नवे विषय नकोत, आणि रुजू होण्यासाठी पुढच्या वर्षाची तारीख. ‘यातल्या काही गोष्टी देणं सोपं असेल, काही अवघड, तुम्हाला काय वाटतं ते कळवा,’ अशा अर्थाचं शेवटी लिहिलंही होतं. महाविद्यालयाने कशावरही चर्चा न करता ऑफर मागे घेतली. तुमच्या अपेक्षांवरून तुम्हाला संशोधनावर भर देणाऱ्या विद्यापीठात काम करायचं आहे असं दिसतं, आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ठिकाणी नाही, असं कारण त्यांनी दिलं.

माझ्या मते महाविद्यालयाचं चुकलं. एक फोन करून ‘यातलं आम्हाला एवढंच जमेल’ असं सांगता आलं असतं. पण तो ईमेल समोरच्या बाजूने वाचून पाहा. शिकवणं हेच ज्या संस्थेचं मुख्य काम, तिच्याकडे केलेल्या पाचपैकी तीन मागण्या शिकवणं कमी किंवा उशिरा करण्याबद्दल होत्या. भाषा नम्र होती, पण मागण्यांच्या यादीतून माणसाचं एक चित्र उभं राहिलं आणि संस्थेने त्या चित्राला नकार दिला.

मी बरीच वर्षं माणसं निवडण्याच्या बाजूला बसते आहे. पगार वाढवून मागितला म्हणून ऑफर गेली, असं मी मोजक्याच वेळा पाहिलं आहे आणि त्यातल्या एकाही वेळी नुसती रक्कम हे कारण नव्हतं. कधी विचारणा अट बनली होती. कधी एकदा ठरलेलं पुन्हा उकरून काढलं गेलं होतं. कधी मागण्यांवरून हा माणूस इथे रमणार नाही असं वाटलं होतं. पहिल्यांदा ऑफर हातात आलेल्यांना यातलं काहीच कुणी सांगत नाही. ‘मागितल्याशिवाय मिळत नाही’ एवढं मात्र सगळे सांगतात. म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे.

पायरी १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

फोनवर ‘तुमची निवड झाली’ असं सांगणं म्हणजे ऑफर लेटर नव्हे. आकडे कळवणारा ईमेल पुष्कळदा अंतिम मंजुरीच्या आधीचा असतो. सहीचं पत्र आलं तरी त्यात अटी असतात. मागच्या नोकरीची पडताळणी, कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, संदर्भ दिलेल्यांशी बोलणं. यातलं काही बाकी असताना वाटाघाट सुरू केली, तर डळमळीत जमिनीवर उभं राहून ओढाताण केल्यासारखं होतं.

पत्रात उत्तर देण्याची शेवटची तारीख असते. ती कागदावर आधी लिहून ठेवा. त्या तारखेनंतर ऑफर आपोआप संपू शकते, मग तुमची बोलणी चालू असोत वा नसोत. वेळ हवा असेल तर पगारवाढीचा विषय काढण्याआधीच तो वेगळा मागून घ्या आणि मुदतवाढ लेखी मिळवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. सध्याच्या नोकरीचा राजीनामा या टप्प्यावर द्यायचा नाही. बोलणी संपून सुधारित पत्र हातात येईपर्यंत नाहीच. राजीनामा देऊन वाटाघाट करणाऱ्याकडे परतीची वाट उरत नाही, आणि समोरच्याला हे कळलं नाही तरी आपल्या आवाजात ते उतरतं.

पायरी २: पत्र नीट वाचा, मग आकड्याकडे बघा

एकूण पॅकेजचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्यातला निश्चित पगार किती, कामगिरीवर अवलंबून किती, आणि एकदाच मिळणारं किती, हे वेगळं करा. कामगिरीवरचा भाग साधारण किती जणांना पूर्ण मिळतो, हे विचारण्यात गैर काही नाही. रुजू होताना मिळणारा बोनस ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर परत करावा लागेल, अशी ओळ पुष्कळदा मागच्या पानावर असते. नोटीस पिरियड, प्रोबेशन, नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे न जाण्याचं बंधन, हेही वाचा. एखाद्याला सहा टक्के वाढीपेक्षा नोटीस पिरियड कमी होणं जास्त मोलाचं असू शकतं, आणि ते देणं कंपनीलाही सोपं जातं.

पायरी ३: जागा आहे का, याचा अंदाज घ्या

इथे थोडं थांबू, कारण सगळा धोका इथूनच कमी-जास्त होतो.

बहुतेक मोठ्या संस्थांत प्रत्येक पदाला पगाराचा बँड, म्हणजे किमान ते कमाल रकमेचा पट्टा, ठरलेला असतो. तुम्हाला दिलेला आकडा बँडच्या मधोमध असेल तर एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभागातले लोक, स्वतःच्या अधिकारात थोडा वाढवू शकतात. वरच्या टोकाजवळ असेल तर वरून मंजुरी लागते, एखादा माणूस आपला शब्द खर्ची घालतो, आणि मंजुरी मिळाल्यावर तुम्ही तरीही नाही म्हणालात तर तो तोंडघशी पडतो. बाहेरून हे काहीच दिसत नाही. पण ‘या पदाचा बँड साधारण कुठून कुठपर्यंत आहे?’ असं सरळ विचारता येतं. काही देशांत तर तो सांगणं नियोक्त्यावर बंधनकारक होत आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची किमान-कमाल मर्यादा आधी सांगावी लागते, आणि त्याचा आधीचा पगार विचारता येत नाही.

काही ठिकाणी जागाच नसते. एकाच तुकडीतल्या पंधरा-वीस नवोदितांना सारखाच पगार दिलेला असतो. वेतनश्रेणी कायद्याने किंवा युनियनच्या करारानुसार ठरलेली असते. अशा ठिकाणी पगारावर जोर लावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तिथे रुजू होण्याची तारीख, कामाचं ठिकाण, प्रशिक्षणाचा खर्च, सहा महिन्यांनी आढावा, अशा गोष्टी मागता येतात.

मालक स्वतःच निर्णय घेतो अशा लहान कंपनीत वेगळाच धोका असतो. तिथे मंजुरीची साखळी नाही, त्यामुळे हो पटकन मिळू शकतं. पण पैसा त्याच्या खिशातून जातो, आणि मागणी त्याला व्यक्तिशः लागू शकते. अशा ठिकाणी ईमेलपेक्षा प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलणं नेहमी बरं.

तुमच्यामागे दुसरा तितकाच चांगला उमेदवार उभा आहे का, हेही मोलाचं. पद महिनोन्महिने रिकामं असेल आणि तुमच्यासारखं कौशल्य दुर्मीळ असेल, तर ऑफर जाण्याची शक्यता फार कमी. एका जागेसाठी शेवटपर्यंत तिघे होते आणि निवड झटपट झाली, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला अजून नकार कळवलेलाच नसतो. आम्ही पहिल्याचा होकार येईपर्यंत थांबतो. तुमच्या लांबलेल्या बोलण्यांच्या काळात तो पर्याय आमच्या टेबलावरच असतो.

पायरी ४: गमावलं तर काय, याचा हिशेब मांडा

भीतीने किंवा उत्साहाने निर्णय घेण्यापेक्षा पाच मिनिटं कागद घ्या. समजा वर्षाचा पगार १०० आहे. तुम्ही ८ टक्के जास्त मागणार आहात, आणि ते मिळण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे पहिल्या वर्षाचा सरासरी फायदा ४. ऑफर गेली आणि दुसरी नोकरी मिळायला सहा महिने लागले तर तोटा ५०. एका वर्षापुरता विचार केला तर ऑफर जाण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तिथे मागणं तोट्याचं. पण तुम्ही तीन वर्षं तिथे राहणार असाल तर फायदा १२ होतो आणि तीच सीमा १९ टक्क्यांच्या आसपास जाते.

हातात दुसरी नोकरी असेल तर तोटा ५० नाहीच, जवळजवळ शून्य. घरात दुसरी कमाई नाही, डोक्यावर कर्ज आहे, सहा महिने काढता येणार नाहीत, तर तोटा ५० पेक्षा कितीतरी मोठा. म्हणून दुसऱ्याने मागितलं आणि मिळालं, हे तुमच्यासाठी मोजमाप नाही.

न मागण्याचाही तोटा याच कागदावर मांडा. सुरुवातीला ५ टक्के कमी घेतले आणि दरवर्षी ८ टक्के वाढ मिळत गेली, तर पाच वर्षांत एकूण कमी मिळालेली रक्कम पहिल्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे २९ टक्के होते. पुढच्या वाढी याच पायावर होतात. गप्प बसणं सुरक्षित वाटतं, फुकट मात्र नसतं.

पायरी ५: विचारा, अट घालू नका

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

इंग्लंडमध्ये १८४० साली हाइड विरुद्ध रेंच असा एक खटला झाला. रेंचने आपली शेतजमीन १००० पौंडांना देऊ केली. हाइडने ९५० देतो म्हटलं. रेंचने नकार दिला. तेव्हा हाइड म्हणाला, बरं, १००० घ्या. रेंच तयार झाला नाही. न्यायालयाने सांगितलं की करार झालेलाच नाही, कारण ९५० चा उलट प्रस्ताव दिला त्या क्षणी १००० चा मूळ प्रस्ताव संपला. पुढे १८८० साली स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन या खटल्यात लोखंड घेणाऱ्याने तार करून विचारलं की माल टप्प्याटप्प्याने दोन महिन्यांत द्याल का. न्यायालय म्हणालं, ही नुसती विचारणा आहे, उलट प्रस्ताव नाही, त्यामुळे मूळ प्रस्ताव जिवंत होता. प्रस्तावात बदल करून दिलेला होकार म्हणजे नकार आणि नवा प्रस्ताव, हे तत्त्व अनेक देशांच्या करार कायद्यांत आहे.

नोकरीच्या ऑफरवरून कुणी लगेच न्यायालयात जात नाही, आणि तुमचा होकार पोहोचण्याआधी ऑफर मागे घेण्याचा अधिकार नियोक्त्याला बहुतेक ठिकाणी असतोच. पण हा फरक कायद्याच्या पुस्तकापुरता नाही. समोर बसलेल्या माणसाच्या कानालाही तो तसाच ऐकू येतो. ही दोन वाक्यं पाहा.

‘इतका पगार असेल तरच मला येणं शक्य होईल.’

‘ऑफरबद्दल आभार, मला इथे काम करायचं आहे. निश्चित पगारात थोडी वाढ शक्य आहे का, हे एकदा पाहाल का?’

पहिल्या वाक्यात ऑफर नाकारलेली आहे. एचआरने ते वर कळवताना ‘उमेदवार सध्याच्या आकड्याला तयार नाही’ असंच लिहायचं, दुसरं काय लिहिणार? दुसऱ्या वाक्यात ऑफर जागेवर आहे आणि तिच्या शेजारी एक प्रश्न ठेवलेला आहे. उत्तर नाही आलं तरी तुम्ही पडला नाहीत. ‘तरच’, ‘किमान’, ‘अन्यथा’, ‘अंतिम’ हे शब्द खरोखर उठून जाण्याची तयारी असेल तेव्हाच वापरा.

पायरी ६: एकदाच, एकच आकडा, एकच कारण

पत्र आल्यापासून दोन-तीन कामाच्या दिवसांत विचारा. त्याच क्षणी फोनवर आकडा फेकू नका, आणि शेवटच्या तारखेच्या संध्याकाळपर्यंतही थांबू नका. शेवटच्या क्षणी आलेली मागणी धमकीसारखी वाटते.

आकडा एकच सांगा. ‘११० ते १२०’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ११० राहतं. पहिला कानावर पडलेला आकडा पुढच्या अंदाजांना आपल्याकडे ओढतो, हे ट्व्हर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं. म्हणून तुमचा आकडा थोडा वरचा हवा, पण ज्याचं समर्थन करता येईल इतकाच वरचा. दिलेल्या रकमेच्या दीडपट मागितली तर तो आकडा कुणाला ओढत नाही. यांना पदाची कल्पनाच नाही, एवढंच त्यातून कळतं. मुलाखतीत तुम्ही स्वतः एखादी अपेक्षा सांगितली असेल आणि ऑफर तेवढीच आली असेल, तर आता त्याहून जास्त मागणं सर्वांत धोक्याचं. आम्ही तुमच्या शब्दावर मंजुरी घेतलेली असते. काम वाढल्याचं नंतर कळलं, असं खरं कारण असेल तरच तो विषय काढा.

कारण कामाशी जोडलेलं हवं. घरभाडं, हप्ते, लग्न ही तुमची खरी गरज असेल, पण तिच्यावर मंजुरी लिहिता येत नाही. ‘या पदात दोन टीम सांभाळायच्या आहेत, जाहिरातीत एकच होती,’ हे वाक्य एचआर जसंच्या तसं वर पाठवू शकतात. तुमची मागणी पुढे कुणीतरी दुसरा माणूस तुमच्या वतीने मांडणार आहे. त्याच्या हातात नीट वाक्य द्या.

सगळं एकाच वेळी मांडा. मी एका मुलाची ऑफर जाताना पाहिली आहे. त्याने पगार वाढवून मागितला, मिळाला. दोन दिवसांनी रुजू होताना बोनस मागितला, तोही थोडा मिळाला. मग पदाचं नाव बदलून मागितलं. तिसऱ्या ईमेलला उत्तर म्हणून ऑफर रद्द झाल्याचं पत्र गेलं. त्या पत्राच्या निर्णयात मीही होते. तिन्ही मागण्या पहिल्याच दिवशी एकत्र आल्या असत्या तर बहुधा दोन मान्य झाल्या असत्या. आम्ही घाबरलो ते पैशाला नव्हे, ‘हे कधी संपणार’ या प्रश्नाला. आणि यादी करतानाही लेखाच्या सुरुवातीचा तो ईमेल आठवा. दोन, फार तर तीन गोष्टी ठेवा, आणि त्या सगळ्या मिळून तुमच्याबद्दल काय सांगतात ते एकदा मित्राला वाचून दाखवा.

खोटं बोलू नका. नसलेली दुसरी ऑफर, फुगवलेला जुना पगार. सॅलरी स्लिप मागितली जाते, क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि पकडलं गेलं तर रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. जुना पगार सांगायचा नसेल तर ‘या पदाच्या जबाबदारीनुसार बोलूया’ म्हणता येतं.

बायकांसाठी वेगळं काही

हे लिहिताना मला राग येतो, पण न लिहिणं बरोबर होणार नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की पगारासाठी स्वतःहून बोलणी सुरू करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करायची इच्छा मूल्यमापन करणाऱ्यांत कमी होत होती. पुरुष मूल्यमापकांनी स्त्रियांना जितकी किंमत मोजायला लावली तितकी पुरुषांना लावली नाही. म्हणजे एखादी मुलगी बोलताना कचरते, तेव्हा तिची भीती उगाच नसते. दोष तिचा नाही. माझा सल्ला गप्प बसण्याचा नाही. मागणी पदाला, बँडला, टीमच्या कामाला बांधा आणि मुलाखतीत ज्याने तुमच्यासाठी आग्रह धरला त्या व्यवस्थापकाला आधी विश्वासात घ्या. निवड करणाऱ्या बाजूला बसलेल्यांनी मात्र दर वेळी स्वतःला विचारावं, हेच वाक्य एखाद्या पुरुषाने म्हटलं असतं तर मी काय म्हटलं असतं?

पायरी ७: उत्तर आल्यानंतर

हो आलं, तर सुधारित पत्र मागा. ‘सहा महिन्यांनी वाढवू’ हे फोनवरचं आश्वासन तो व्यवस्थापक बदलला की हवेत विरतं. पत्रात येत नसेल तर निदान बोलण्यानंतर तुम्ही ईमेल करा, ‘आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?’ आणि त्यानंतर पुन्हा काही मागू नका.

नाही आलं, तर एक दिवस घ्या आणि ठरवा. स्वीकारायचं असेल तर कुरकुर न करता स्वीकारा. नाराजीने दिलेला होकार नव्या साहेबाच्या लक्षात राहतो, आणि पहिल्या वर्षाचा आढावा तोच घेणार असतो. ऑफर न जाताही झालेलं हे नुकसान कुणाच्या हिशेबात येत नाही.

या दरम्यान जुन्या कंपनीने पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न केला, तर ज्या कारणाने नोकरी शोधायला लागलात ते कारण पैशाने सुटतं का, एवढंच पाहा. नव्या ठिकाणी सही करून मग मागे फिरणं मात्र टाळा.

ऑफर गेलीच तर

ईमेलवर लांबलचक खुलासा लिहीत बसू नका. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, फोन करा. ज्याने ऑफर दिली होती त्याच्याशी बोला. ‘माझं म्हणणं अट म्हणून पोहोचलं असेल तर ते माझं मांडणं चुकलं. मूळ ऑफर मला मान्य आहे. ती अजून खुली आहे का?’ दुसऱ्या उमेदवाराला अजून कळवलेलं नसेल तर काही वेळा दार पुन्हा उघडतं. मी दोनदा उघडलं आहे. दोन्ही वेळा फोन त्याच दिवशी आला होता आणि आवाजात भांडण नव्हतं.

उघडलं नाही, तर आधीच्या सगळ्या ईमेलच्या प्रती जपून ठेवा. होकार लेखी दिल्यानंतर ऑफर मागे घेतली असेल आणि त्या भरवशावर तुम्ही राजीनामा दिला असेल, तर तुमच्या देशाच्या कायद्यात भरपाई मिळते का, हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. आणि ज्या दुसऱ्या कंपन्यांना तुम्ही या आठवड्यात नाही म्हणणार होतात, त्यांना तो ईमेल अजून पाठवला नसेल तर पाठवू नका.